प्राप्ती घरतची निवड

प्राप्तीताई कोयता घेऊन कुलदीपदादाच्या दुकानात घुसली आणि तिने तिथले सगळे कॉम्प्युटर फोडले, ही बातमी माझ्यापर्यंत तीन तोंडांनी आली, आणि सुदैवाने तिन्ही तोंडांची नक्कल मला करता येते.

पहिलं तोंड कोलंबीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशींचं. त्या आधी पाटी खाली ठेवतात, मग पदर खोचतात, मग आवाज इतका हळू करतात की चार घरांना नीट ऐकू जावं. "आगो बाय, कोयता व्हता तिचे हातान! फरक्यान गुंडाललेला! मी सोता नाय बगला, पन बगला त्यांनी मना सांगितला." दुसरं तोंड डेअरीवाल्या बाबाजींचं. ते वाक्याच्या आधी खाकरतात आणि वाक्याच्या नंतरही खाकरतात, त्यामुळे मधलं वाक्य पार्सल केल्यासारखं येतं. "अं-हं. मामाच्या पोराव कोयता. अं-हं." तिसरं माझ्या वर्गातल्या मितेशचं. "भाई, फुटेज आहे फुटेज. एकदम खतरनाक." दाखव म्हटलं, तर म्हणाला नेट स्लो आहे.

आता खरं काय ते सांगते. फडकं होतं. फडक्यात गुंडाळलेलंही काहीतरी होतं. पण तो कोयता नव्हता, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड होतं, आणि मला हे माहीत आहे कारण स्कूटरवर मागे मी बसले होते आणि ते फडकं माझ्या मांडीवर होतं. दुकानात काहीही फुटलं नाही. प्राप्तीताई खुर्चीवर बसली आणि तिने चहा नको म्हटलं. सख्ख्या मामाच्या पोराकडे जाऊन चहा नको म्हणणं हे आमच्यात कोयत्यापेक्षा मोठं आहे, पण ते डेअरीवर सांगून कुणाचं दूध तापत नाही.

प्राप्ती धर्माजी घरत. आमच्या शेजारचं घर. न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात ती कंटेनर तपासते. नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हेल्मेटखाली वेणी. दरवाजा, बिजागरी, पोचे, गंज, आणि सगळ्यात शेवटी सील. सील म्हणजे कंटेनरच्या कडीत अडकवलेला लोखंडी खिळा. तो शाबूत असेल तर माल शाबूत, असं धरून पुढचं जग चालतं. तिथे ती दिवसभर वॉकीटॉकीवर बोलते आणि घरी आली की तसंच बोलते. काशीकाकी, म्हणजे तिची आई, विचारते, "जेवतेस का गो?" ही म्हणते, "हो. पाच मिनिटांत." बस. एक गोष्ट एकदाच. म्हणून गावातल्या सगळ्यांची नक्कल मला येते, हिची नाही. नकलेला काहीतरी जास्तीचं लागतं. हिच्यात जास्तीचं काही सांडतच नाही.

गेम खेळताना मात्र ती वेगळी. तिथे तिचं नाव निवटी. निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलातला तो मासा, दिसला म्हणेपर्यंत बिळात. हे नाव कुलदीपदादाने ठेवलं. ती शाळेत होती तेव्हा दादाचं उरणला सायबर कॅफे होतं, आणि आजोळी गेली की ही तिथेच पडलेली असायची. माऊस कसा धरायचा, शत्रू दिसायच्या आधी कान कसे लावायचे, सगळं त्याने शिकवलं. पुढे कॅफे बंद झालं, त्याच जागी दादाने कॉम्प्युटर विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. प्राप्तीताईला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला ती कुलदीपदादाला ओवाळते, आणि ओवाळणीत तो साडी नाही देत, कीबोर्ड देतो.

कुलदीपदादाचा आवाज हे माझ्या पेटाऱ्यातलं सर्वात भारी नाणं होतं. मावा एका गालात, शब्द दुसऱ्या गालातून. "टेन्शन नको घेव, बाय. मक्खन काम करून देतू. घरचीच गोस्ट हाय ना!" हे शेवटचं वाक्य तो सगळीकडे वापरतो. उशीर झाला, घरचीच गोष्ट. कीबोर्डचं एक बटण निघालं, घरचीच गोष्ट. हळदीच्या मांडवात मला लोक पुढे ढकलायचे, "ए अमिषा, कुलदीप कर ना, कुलदीप!" मी गाल फुगवला की अर्धा मांडव आडवा.

तर, प्राप्तीताईला स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. तयार नको, एकेक भाग निवडून जोडलेला. फार भारी नाही, अगदी हलकाही नाही, यार्डाच्या पगारात बसेल असा. पावसाळाभर तिच्या पडवीत हीच चर्चा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आवाज इतके छान होते की मी रोज जाऊन बसायचे.

कुलदीपदादाचा सगळा जोर दिसण्यावर. "काचेचा कॅबिनेट घे, बाय. आत लाईटी. रातचा लावला का पूर्न घर निला-लाल. नि प्रोसेसर मोठ्ठा घे. लोक पयला तोच विचारतात."

"लोकांना खेळायचं नाही, मला खेळायचंय," प्राप्तीताई म्हणायची. "उजेडाने गेम पळत नाही."

तिचं गणित साधं होतं. तिचा स्क्रीन साधा, फुल एचडी. मग त्या स्क्रीनला पुरेल एवढंच घ्यायचं. प्रोसेसर मधला, सहा कोरचा. गेमला त्यापुढे फारसं लागत नाही. रॅम एकच मोठी पट्टी न घेता दोन सारख्या पट्ट्या, म्हणजे दोघी मिळून ओझं वाहतात. मदरबोर्ड दिखाऊ नको, पण पुढे प्रोसेसर बदलता येईल असा. पॉवर सप्लायमध्ये काटकसर अजिबात नाही, कारण आमच्या गावात एका हळदीचा डीजे चालू झाला की दुसऱ्या घरातले दिवे माना टाकतात. कॅबिनेट काचेचं नाही, पुढून जाळीचं. वैशाखात आमच्याकडे माणसं तापतात, मशीनचं काय. आणि या सगळ्यातून जे वाचेल ते ग्राफिक्स कार्डावर. सगळ्यात मोठा घास त्याचा.

तिचे वडील, धर्माजीकाका, बंदरातून ट्रेलर चालवतात. ते बोलतात ते ट्रेलर मागे घेतल्यासारखं. तुकडा, थांबा, तुकडा.

"प्रोसेसर... म्हंजे काय?"

"ड्रायव्हर."

"हां. नि ग्राफिक कार्ड?"

"इंजिन."

"हां. बोर्ड?"

"चासी. पॉवर सप्लाय म्हणजे डिझेलचा पंप."

काकांनी मांडी बदलली. मग कुलदीपदादाकडे बघून, "म्हंजे तू सांगतंस... डायवर लय हुशार ठेव... नि इंजिन रिक्षाचा लाव. घाट... चरेल काय?"

पडवी हसली. दादाही हसला, पण एका गालानेच.

तेव्हा काका आणखी एक गोष्ट बोलले, आणि ती गमतीत बोलले, पण गमतीत बोललेलं घरात जास्त टिकतं. त्या घरात आजवर मोठी वस्तू बाईमाणसाच्या निवडीने आलेली नव्हती. फ्रिज काकांनी निवडला, टीव्ही मामांनी, काशीकाकीची शिलाई मशीनसुद्धा कुणीतरी दुसऱ्यानेच. काका म्हणाले, "बरा. यो तुजे निवडीवर. बगू कसा निगतो. चांगला निगाला... तर पुरचा पन तुजेवर सोरू." पुढचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. माणगावकडच्या एका स्थळाची बोलणी तेव्हा नुकती दारात आली होती. काशीकाकीने मुद्दाम भांडी आपटली. प्राप्तीताई एवढंच म्हणाली, "ठीक आहे. नोट केलं."

भाग आले. आता आमच्यात नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय घरात चालू होत नाही. ट्रेलर असो, मिक्सर असो, पाण्याची मोटार असो. काशीकाकीने सगळे खोके पाटावर मांडायला लावले, आणि वर म्हणाली, "खोक्याला कशाला लावू? खोका काय चालनार हाय? वस्तू भायेर कार."

"आई, त्याला हात लावायचा नसतो."

"मंग द्येवाला काय सांगू, पार्सल हाय?"

झालं. एकेक भाग बाहेर आला. काकी करंडा घेऊन समोर, आणि तिचा एकच प्रश्न: "याचा कपाल कुठं?" प्राप्तीताई दाखवेल तिथे काकी आधी हळद, मग कुंकू लावायची. पॉवर सप्लायच्या पत्र्यावर. रॅमच्या पट्ट्यांच्या धातूच्या टोपीवर, इतकंसं. मदरबोर्डवर कुठेही बोट नाही, फक्त त्याच्या एका लोखंडी ठोकळ्यावर. प्रोसेसर फार नाजूक, म्हणून त्याच्या डबीलाच. ग्राफिक्स कार्डाला मागे काळी धातूची पाठ होती, लांबरुंद. काकी खूश. "याचा कपाल बघ कवरा मोटा!" तिथे तिने हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि वरून अक्षता टाकल्या. एक तांदूळ पंख्यात गेला. प्राप्तीताईने केसातली पिन काढून तो काढला, आणि तेव्हा ती वॉकीटॉकीवर बोलत नव्हती, चक्क ओरडत होती.

कुलदीपदादा या सगळ्यानंतर आला. काकीने भाग परत खोक्यांत भरून ठेवले होते. जोडायचं काम अर्थातच त्याच्याकडे. पनवेलला एक चांगला माणूस जोडून देतो, असं काकांनी सुचवलं होतं, तर प्राप्तीताई म्हणाली, "दादा असताना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." खोके त्याने नेले, मशीन जोडून आणलं. रिकामे खोके मात्र दुकानातच ठेवले: "वॉरंटीला लागतील, माज्याकरे ऱ्हाव दे." आणि कॅबिनेटच्या बाजूच्या स्क्रूवर आपल्या दुकानाची चांदीसारखी पट्टी चिकटवली. "यो सील हाय, बाय. सील तोरलास तर वॉरंटी खलास. तुला काय सांगायचा, तू सीलवालीच."

ती सीलवालीच होती. तिथेच तो बरोबर बोलला.

पहिले काही दिवस मजा. मी पाठीमागे पलंगावर बसून निवटीचं खेळणं बघायचे आणि तिच्या टीममधल्या पोरांचे आवाज चोरायचे. मग मशीन अडखळायला लागलं. ऐन मारामारीत चित्र थबकायचं, निवटी बिळाच्या तोंडाशी उभी राहायची आणि मरायची. मग मशीन आपोआप बंद पडायला लागलं. हात लावला तर कॅबिनेटचं पोट इस्त्रीसारखं. तिने टेबलफॅन लावून बघितला. सेटिंग खाली आणून बघितलं. टीमवाल्यांनी काही दिवस "नो प्रॉब्लेम, ताई" केलं, मग एका मॅचला तिच्या जागी दुसरं कुणी घेतलं, आणि सांगितलंही नाही.

कुलदीपदादा बघायला आला तो नेमका जेवणाच्या वेळेला. काकीने चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. तो जेवला, नांगी चोखली, हात धुतले, मशीनवर कान ठेवला, आणि मग सगळ्यांसमोर, काकांसमोर, म्हणाला:

"बोललू व्हतू ना, बाय? जालीचा कॅबिनेट नको घेव. आपला खारा वारा आत गेला, कार्ड खाल्ला. काचेचा घेतला असता तर यो दिवस नसता आयला. आता कंपनीला पाठवला तरी गंज बगून परत पाठवतील. निवडच चुकली तुजी. जाव दे. घरचीच गोस्ट हाय."

खारा वारा! आमच्याकडे खिडकीचे गज खारा वारा खातो, सायकलची चेन खातो. आमचं खारं पाणी, मिठागरं, सगळं त्याने एका वाक्यात साक्षीला उभं केलं. कोण नाही म्हणणार? प्राप्तीताईने मान खाली घातली. "हो," म्हणाली. "जाळी माझी चूक."

त्या दिवसापासून त्या घरात एक नवीन खेळ सुरू झाला. काकी बाजारात निघाली, हिने म्हटलं आज बोंबील घेऊ, की काकी हसून, "तू नको निवरू बाय, तुजी निवड बगली." हळदीला कुठली साडी, "तू नको निवरू." काकी वाईट नाही, तिला ती गंमतच वाटायची, आणि खरं सांगू, मीसुद्धा त्या वाक्याची नक्कल काकीच्याच समोर करून तिला हसवायचे. काका गंमत करत नव्हते. त्यांनी माणगावला फोन केला. पडवीतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हां... रविवारी या. बगन्याचा कार्यक्रम... करून टाकू. पोरीला काय विचारायचा... मी हाय ना."

प्राप्तीताई आत बसून त्या मशीनचे भाग पुन्हा पुन्हा मनात जुळवत होती. मला म्हणायची, "पॉवर सप्लाय बरोबर आहे. रॅम बरोबर आहे. जाळीचीच सगळे शिफारस करतात. मग मी नेमकी कुठे चुकले?" एक गोष्ट एकदाच बोलणारी मुलगी हा प्रश्न रोज विचारायची.

मग यार्डात एक कंटेनर आला. सील शाबूत, नंबर बरोबर, आणि आत अर्धा माल गायब. प्राप्तीताई दरवाज्याजवळ उकिडवी बसून बघत राहिली. चोरांनी सीलला हात लावला नव्हता. बिजागरीकडचे बोल्ट काढून अख्खा दरवाजा उघडला होता, आणि नवे बोल्ट लावून वर रंग मारला होता. तिने ते शोधून काढलं, साहेबांनी शाबासकी दिली. ती संध्याकाळी घरी आली, हेल्मेट डोक्यावरच, आणि आमच्या कुंपणावरून मला हाक मारली.

"अमिषा, ये. सील तोडायचंय. साक्षीदार लागतो."

यार्डात सील तोडताना खरंच साक्षीदार उभे करतात. मी आनंदाने गेले, कस्टमच्या साहेबाचा आवाज काढत: "मॅडम, आप अपने रिस्क पे खोल रहे हैं, नोट किया जाए." दुसरी साक्षीदार काशीकाकी, हातात तांदूळ निवडायचं सूप. प्राप्तीताईने पट्टी नखाने काढली नाही, ब्लेडने सरळ कापली. स्क्रू काढले. पत्रा बाजूला केला.

गंज कुठेच नव्हता. मी वाकून बघितलं, आतलं सगळं चकचकीत. पॉवर सप्लायवर काकीचं हळदकुंकू. रॅमच्या दोन्ही टोप्यांवर टिकल्या, सुकून तपकिरी झालेल्या. लोखंडी ठोकळ्यावर टिकली. आणि मध्ये आडवं बसलेलं ते मोठं कार्ड, काळी पाठ वर करून.

काकीने सूप खाली ठेवलं. "अगो," ती म्हणाली, "याचा कपाल पांढरा."

मी म्हटलं, "पुसलं असेल, काकी. गरम होतं ना."

प्राप्तीताईने कार्ड अलगद बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं. नाव तेच होतं, मॉडेल तेच, खोक्यावर छापलेलं तेच. पण स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते, कुणीतरी ते आधी कितीतरी वेळा काढलेले. पंख्याची पाती वरून पुसलेली, पण मुळाशी धूळ अशी घट्ट बसलेली की ती पिनेनेही निघेना. एक पंखा बोटाने फिरवला तर खर्र वाजला. नव्या कार्डाचं वय एवढं नसतं. कुठेतरी महिनोन्‌महिने दिवसरात्र राबवून दमवलेलं कार्ड होतं ते, आंघोळ घालून आणलेलं.

"म्हणजे माझी निवड बरोबर होती," प्राप्तीताई म्हणाली.

मला वाटलं आता ती नाचेल. मी नाचायच्या तयारीत होते. पण ती तशीच खिडकीशी उभी. मला हळूहळू कळलं की त्या वाक्याला दुसरी बाजू आहे. एक तर ती चुकली होती, नाहीतर कुलदीपदादा खोटा होता. तिसरं काही उरत नव्हतं. आणि तो नुसता खोटा नव्हता. कार्ड बदललं ते बदललं, पण त्यानंतर तो याच घरात बसून रस्सा जेवला आणि तिच्या बापासमोर म्हणाला, निवड चुकली तुझी.

"मीच चुकले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ते वॉकीटॉकीवरचं वाक्य नव्हतं.

काका आले तेव्हा काकीने त्यांना ते पांढरं कपाळ दाखवलं. काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, ओरखड्यांवर अंगठा फिरवला. ट्रेलरवाल्याला उघडलेला स्क्रू कळतो. "इंजिनच... बदलला," ते म्हणाले. मग पायात चप्पल घालायला लागले.

"तुम्ही नाही," प्राप्तीताई म्हणाली. "मी जाते."

काका थांबले. त्यांनी चप्पल काढली, फोन काढला आणि माणगावचा नंबर लावला. "रविवारचा... राव द्या. नाय, तब्बेत बरी हाय सगल्यांची. पोरीला विचारून... सांगतू." फोन खिशात ठेवताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "निवड तुजी... बरोबर व्हती."

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून ती निघाली, आणि मी मागे बसले, कारण साक्षीदार. कार्ड काकीच्या फडक्यात. कोलंबीवाल्या मावशी वाटेतच भेटल्या, म्हणजे कोयत्याचा जन्म तिथलाच.

पैज करळ फाट्याच्या अलीकडे लागली. समोर ट्रेलरांची रांग, आम्ही कडेने हळूहळू. मला ती शांतता सोसेना. मी म्हटलं, "ताई, मी सांगू दादा पहिलं वाक्य काय बोलेल? गाल फुगवून सांगते. 'घरचीच गोस्ट हाय ना!' लाव पैज."

"नाही बोलणार."

"अगं, त्याच्या तोंडाला कुलूप लावलं तरी चावीच्या भोकातून तेच वाक्य येईल. मी त्याला रोज करते!"

"तू त्याचा आवाज करतेस," प्राप्तीताई म्हणाली. "तो पहिलं विचारेल, कुणी सांगितलं."

"पहिलं वाक्य हां. दुसरं-तिसरं नाही."

"पहिलं."

"हरलीस तर मला मशीनवर खेळू द्यायचं, पाहिजे तेवढं."

"आणि तू हरलीस तर कुलदीप बंद. मांडवात नाही, वर्गात नाही, माझ्या पडवीत तर नाहीच."

मी लगेच हो म्हटलं. इतकी सोपी पैज मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. दहावीला मराठीत किती पडतील हे मला माहीत नव्हतं, पण कुलदीपदादा काय बोलेल हे माहीत होतं.

दुकानात दादा एकटाच होता, एका लॅपटॉपचं पोट उघडून बसलेला. आम्हाला बघून सगळा चेहरा हसला. "अरे, निवटी! ये, बस बस. चाय सांगू?"

हे वाक्य पैजेत धरायचं नाही, हे आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून ठरवलं.

"चहा नको," प्राप्तीताई म्हणाली आणि बसली.

दादाचा हात फोनवरून मागे आला. तिने काउंटरवर फडकं ठेवलं आणि उघडलं. कार्ड तिथे पडलं, काळी पाठ वर. दादाने कार्डाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत कार्डाकडे. मावा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. मी श्वास रोखून त्याच्या ओठांकडे बघत होते. माझे ओठ आधीच "घ" ला लागले होते. अजून वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं त्याने. घरचीच गोष्ट म्हटलं असतं तरी ती कदाचित बसून राहिली असती, कारण त्यात निदान घर होतं.

दादा पुढे वाकला. आवाज खाली आणला, रस्त्यावरून जाणाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"कोनी सांगितला तुला?"

प्राप्तीताईने माझ्याकडे बघितलंही नाही. तिला जिंकलेलं नको होतं.

"आईच्या कुंकवाने," ती म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. कळावं अशी तिने सोयही ठेवली नाही. तो बोलायला लागला, भराभर, सगळं एकदम: उलव्याच्या एका पार्टीला अर्जंट पाहिजे होता, मोठी पार्टी, पुढची सगळी कामं तिच्याकडून, त्या दिवशी तेच मॉडेल बाजारात मिळेना, म्हणून तुझा खोका न उघडता तसाच उचलून दिला, नवीन आलं की बदलून देणारच होतो, तुझ्याकडे येणारच होतो, आणि मग, हात पसरून, गाल फुगवून, जसंच्या तसं, माझ्यापेक्षाही हुबेहूब, "घरचीच गोस्ट हाय ना, बाय!"

प्राप्तीताई उठली. "नवीन कार्ड घरी पाठव," म्हणाली. "द्यायला तू नको येऊस." रिकामं फडकं तिने घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि आम्ही बाहेर आलो.

मी स्कूटरशी उभी राहून म्हटलं, "बोलला तर होता, ताई. तेच वाक्य. फक्त उशिरा."

"पहिलं ठरलं होतं."

"हो."

"हरलीस."

"हरले," मी म्हटलं.

कार्ड आलं, एका रिक्षावाल्याच्या हाताने. काकीने टिळा लावला, मशीन पळायला लागलं, निवटी परत टीममध्ये गेली. भाऊबीज आली आणि त्या घरात ओवाळणीचं ताट निघालं नाही. काकीने विचारलं नाही, मामांकडून फोन आला नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत हळद होती. मांडव भरलेला, बेंजो थांबलेला, आणि मला लोकांनी नेहमीसारखं मधे ढकललं. "अमिषा, कुलदीप! कुलदीप कर!" पलीकडे प्राप्तीताई हळदीची वाटी घेऊन उभी होती. मी कोलंबीवाल्या मावशी केल्या, बाबाजी केले, मितेश केला. लोक ओरडतच होते. मी म्हटलं, तो मला येत नाही.